प्रतिसाद आणि जबाब : छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यापुढील एक नैतिक प्रश्न

१

छायाचित्रणाच्या शिक्षणात ‘प्रतिसाद’ या शब्दाला आता जवळजवळ पारिभाषिक अर्थ प्राप्त झाला आहे. विशेषतः ब्रिटनमधील शाळा-महाविद्यालयांत या विषयाचा विद्यार्थी एखादा मान्यवर छायाचित्रकार निवडतो, त्याच्या चित्रांचे आपल्या वहीत विश्लेषण करतो आणि मग त्यांना ‘प्रतिसाद’ म्हणून स्वतः काही चित्रे काढतो. तेथील परीक्षेत चार मूल्यमापन-उद्दिष्टे असतात. पहिल्यात इतरांच्या कलाकृतींच्या अभ्यासातून कल्पना विकसित करणे येते. चौथ्यात विद्यार्थ्याने व्यक्तिगत आणि अर्थपूर्ण प्रतिसाद सादर करावा, अशी अपेक्षा असते. इतरांच्या कृतींतून स्वतःकडे, असा हा प्रवास आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या पद्धतीत विपरीत असे काही जाणवणार नाही. पूर्वसूरींच्या कृती वाचत, त्यांचे वळण गिरवत आणि पुढे ते मोडत लेखक घडतो, ही आपल्या परिचयाची गोष्ट आहे. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. हा प्रतिसाद नेमका कोणाला दिलेला असतो? ‘छायाचित्रकाराला’ हे उत्तर सहज सुचते, आणि शिक्षणपद्धतीने तेच गृहीत धरलेले असते. परंतु छायाचित्रात छायाचित्रकार दिसत नाही. दिसते ती दुसरीच व्यक्ती. विद्यार्थी तासन्‌तास तिच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि टिपण लिहितो ते मात्र भिंगाच्या मागे उभ्या असलेल्या माणसाविषयी.

मराठीने या प्रश्नासाठी दोन शब्द जवळजवळ ठेवले आहेत. साद घालणाऱ्याला आपण प्रतिसाद देतो. तो द्यायचा की नाही हे आपल्या इच्छेवर असते. जबाबाचे तसे नाही. ज्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे, त्याला जबाब द्यावाच लागतो, आणि ‘जबाबदारी’ हा शब्द त्यातूनच आलेला आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे, की छायाचित्राच्या बाबतीत केवळ छायाचित्रकाराच्या शैलीला दिलेला प्रतिसाद नैतिकदृष्ट्या तर अपुरा असतोच, पण समीक्षादृष्ट्याही अपुरा असतो. कारण ज्याला आपण शैली म्हणतो, तिच्यात दुसऱ्या कोणाचे तरी देणे अंतर्भूत असते.

२

अनुकरणातून शिकण्याला भारतीय काव्यशास्त्राने कधीच कमी लेखलेले नाही. मम्मटाने काव्याच्या हेतूंत शक्ती आणि निपुणता यांच्याबरोबर अभ्यासाचाही समावेश केला, आणि हा अभ्यास काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणीनुसार व्हावा असे मानले. अनुकरणाच्या मर्यादेचा प्रश्नही आपल्या परंपरेत बारकाईने हाताळलेला आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या कृतींत आढळणाऱ्या साम्याला ‘संवाद’ म्हटले आणि त्याचे तीन प्रकार केले : आरशातील प्रतिबिंबासारखे साम्य, चित्रासारखे साम्य, आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन देहधारी व्यक्तींमधील साम्य. पहिल्या दोन प्रकारांचा कवीने त्याग करावा. तिसरा मात्र त्याज्य नाही. दोन माणसे दिसायला सारखी असली तरी प्रत्येकाला आपापला आत्मा असतो. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या विचाराचा विस्तार करून ‘परपुरप्रवेश’ हा चौथा प्रकार त्यात मिळवला. त्यात मूळ गाभा एकच असला तरी रचना सर्वस्वी वेगळी असते.

ही वर्गवारी छायाचित्रणाच्या विद्यार्थ्याच्या वहीला लावून पाहण्याचा मोह होतो, आणि काही अंतरापर्यंत ती लागूही पडते. मूळ चित्राची जशीच्या तशी पुनर्रचना म्हणजे प्रतिबिंब. प्रकाशयोजना, चौकट, कृष्णधवल छटा एवढेच उचलणे म्हणजे आलेख्य. आणि मूळ चित्रामागील दृष्टी आत्मसात करून स्वतःच्या जगाकडे वळणे म्हणजे तुल्यदेही संवाद. चांगले शिक्षक विद्यार्थ्याला या तिसऱ्या पायरीपर्यंत नेऊ पाहतात.

परंतु येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आनंदवर्धनाच्या विवेचनात ‘देह’ हे रूपक आहे. काव्याचे वाच्यशरीर त्याला अभिप्रेत आहे. छायाचित्रातील देह रूपक नसतो. पर्सच्या चिन्हविचारानुसार छायाचित्र आपल्या विषयासारखे दिसते, आणि त्याशिवाय ते त्या विषयापासून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा भौतिक ठसाही असते. म्हणून ते केवळ प्रतिमाचिन्ह नव्हे, निर्देशकचिन्हही आहे. रोलाँ बार्त यांनी छायाचित्रावरील आपल्या १९८०च्या पुस्तकात सगळा भर याच गोष्टीवर दिला होता : जे दिसते आहे ते एके काळी भिंगासमोर खरोखर उपस्थित होते, आणि ही उपस्थिती नाकारता येत नाही. कादंबरीतील पात्रामागे एखादी खरी व्यक्ती असू शकते, पण संहितेला तिच्यावाचून अडत नाही. छायाचित्राचे अडते.

तेव्हा काव्यातील संवाद दोन कवींमधला, म्हणजे द्विपक्षीय असतो. छायाचित्रातील संवाद त्रिपक्षीय आहे, आणि तिसरा पक्ष बहुधा अशा कोणाचा असतो, ज्याला या व्यवहारात बोलावलेच गेले नव्हते.

३

डोरोथिया लँग यांचे ‘मायग्रंट मदर’ या नावाने प्रसिद्ध असलेले चित्र जगभरच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत आढळते. मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे, थंडीने पीक गेलेल्या वाटाणातोडणी मजुरांच्या तळावर ते काढले गेले. लँग त्या वेळी अमेरिकी सरकारच्या पुनर्वसनविषयक खात्यासाठी काम करत होत्या. विद्यार्थी या चित्राविषयी जे लिहितो, ते सहसा चुकीचे नसते. दोन मुलांनी पाठ फिरवलेली असल्यामुळे नजर आईच्या चेहऱ्यावर स्थिरावते. गालाकडे गेलेला हात चिंतेची मुद्रा घडवतो. कडेवरच्या बाळामुळे सगळ्या रचनेला मातृप्रतिमेच्या ख्रिस्ती परंपरेचे वळण येते. अधिक चिकित्सक विद्यार्थी त्याच प्रसंगाची इतर चित्रेही पाहतो. लांबून घेतलेल्या चित्रात तंबू, सामान आणि एक किशोरवयीन मुलगी दिसते. छायाचित्रकार जवळ येत जाते तसतशा या गोष्टी गळत जातात. तंबूच्या खांबाला धरलेल्या हाताचा अंगठा कोपऱ्यात आला होता; तोही पुढे मूळ निगेटिव्हवर पुसट करण्यात आला. शैली म्हणजे काय वगळायचे याचा निर्णय, हा धडा येथे उत्तम शिकता येतो.

वगळल्या गेलेल्या गोष्टींत त्या स्त्रीचे नावही होते. आपण तिचे नाव विचारले नाही, असे लँग यांनीच १९६० साली लिहिले. ती स्त्री फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन होती, हे जगाला कळले ते १९७८ मध्ये, त्यांनी स्वतः एका स्थानिक वृत्तपत्राकडे गाऱ्हाणे मांडले तेव्हा. त्या चेरोकी वंशाच्या होत्या. ज्या चित्राकडे पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या निर्वासित शेतकरी स्त्रीचे प्रातिनिधिक चित्र म्हणून पाहिले गेले, त्याच्या पारंपरिक वाचनाला या एका तपशिलाने तडा जातो. या चित्रापासून आपल्याला काही मिळाले नाही आणि ते काढले गेले नसते तर बरे झाले असते, असे त्यांचे म्हणणे होते. लँग यांनाही या चित्राचे मानधन मिळत नव्हते. ते सरकारी मालकीचे होते. चित्र प्रसिद्ध झाल्यावर त्या तळावर अन्नाची मदत पोचली, पण तोवर थॉम्पसन यांचे कुटुंब पुढे निघून गेले होते. १९८३ साली त्या अखेरच्या आजारात असताना कुटुंबाने मदतीचे आवाहन केले, तेव्हा लोकांनी हजारो डॉलर पाठवले, ते या चित्राच्या आठवणीनेच. म्हणजे चित्राने त्यांचे काहीच भले केले नाही, असेही म्हणता येत नाही. हिशेब सरळ नाही.

मुद्दा लँग यांना दोषी ठरवण्याचा नाही. मुद्दा असा, की १९७८ नंतर या चित्राला प्रतिसाद देणाऱ्यापुढे एक बोलणारी व्यक्ती उभी आहे. चित्रातील गप्प चेहरा गप्प राहिलेला नाही. त्याने जाब विचारलेला आहे. आता विद्यार्थी आपल्या एखाद्या नातेवाईक स्त्रीला खिडकीजवळ बसवतो, हात गालाशी नेण्यास सांगतो आणि खाली ‘लँगला प्रतिसाद’ असे लिहितो. त्यात त्याने आई मिळवलेली असते, चिंता मिळवलेली असते, प्रकाश मिळवलेला असतो. फक्त आक्षेप वगळलेला असतो.

आज या प्रश्नाला आणखी एक कड आली आहे. लँगच्या शैलीतील चित्र मागितले, तर ते आता यंत्राकडूनही मिळते, आणि त्यासाठी कोणालाही कोणापुढे बसावे लागत नाही. ही सोय आपल्याला अस्वस्थ करते, ती केवळ फसवणुकीच्या भीतीने नव्हे. शैली ही व्यक्तीपासून अलग काढता येणारी गोष्ट आहे असे समजून आपण वर्षानुवर्षे जे शिकवत आलो, त्याचे तार्किक टोक या चित्रांत उघडे पडते.

४

शैली आणि मालकी यांचा वाद उत्तर-आधुनिक समीक्षेत गाजला तो शेरी लेव्हिन यांच्या ‘आफ्टर वॉकर इव्हान्स’ या १९८१च्या मालिकेमुळे. लेव्हिन यांनी इव्हान्स यांची छापील छायाचित्रे पुन्हा छायाचित्रित केली आणि ती आपल्या नावाने प्रदर्शनात मांडली. आनंदवर्धनाच्या भाषेत हे शुद्ध प्रतिबिंब; आणि प्रतिबिंब त्याज्य का मानायचे, हाच तर लेव्हिन यांचा प्रश्न होता. मौलिकता, कर्तृत्व, कलेच्या इतिहासातील पुरुषसत्ता आणि लेखकाचा मृत्यू यांविषयी त्यानंतर जे लिहिले गेले, ते मोलाचे आहे.

तरीही या सगळ्या वादात एक चमत्कारिक शांतता आहे. मालिकेतील सर्वांत परिचित चित्र ॲली मे बरोज या स्त्रीचे आहे. अलाबामातील हेल परगण्यात कुळाने कापूस पिकवणाऱ्या एका शेतकऱ्याची ती पत्नी. १९३६च्या उन्हाळ्यात लेखक जेम्स एजी आणि इव्हान्स यांनी अशा तीन कुटुंबांचा अभ्यास केला. १९४१ साली त्यातून जे पुस्तक निघाले, त्यात चित्रे मथळ्यांविना आरंभीच छापली होती, आणि मजकुरात बरोज यांचे नाव बदलून काल्पनिक नाव घातले होते. त्यामागे त्यांना आडोसा देण्याचा हेतू असू शकेल. पण ज्या चेहऱ्याची ओळख लपलेली नाही, त्याचे नाव लपवून काय साधते? चित्र इव्हान्सचे की लेव्हिनचे, हा प्रश्न समीक्षेने दशकभर विचारला. चेहरा कोणाचा, हा प्रश्न त्या वादात फारसा उपस्थित झाला नाही. लेखकाचा मृत्यू जाहीर करणाऱ्या सिद्धान्तानेही दोन लेखकांमधलाच दावा चालवला.

याच कुटुंबांकडे अगदी वेगळ्या रीतीने परत जाणारेही होते. डेल महारिज आणि मायकेल विल्यमसन यांनी अर्धशतकानंतर त्या कुटुंबांतील हयात माणसांचा आणि त्यांच्या वंशजांचा शोध घेतला. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाला पुढील वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. सिद्धान्ताच्या दृष्टीने हे काम लेव्हिनइतके धाडसी नाही. पण इव्हान्सला दिलेला प्रतिसाद म्हणून दोन्ही शेजारी ठेवले, तर एक संहितेकडे परतते आणि दुसरे माणसांकडे, हा फरक स्पष्ट होतो. विद्यार्थ्याला पहिला मार्ग सहसा शिकवला जातो, दुसरा क्वचितच.

५

येथे एक रास्त शंका उपस्थित होईल. माणसांकडे परतणे शक्यच नसेल तर? भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ मध्ये वायुदुर्घटनेनंतर पुरल्या जाणाऱ्या एका अनाम बालकाचे चित्र रघु राय यांनी काढले; त्याच बालकाचे चित्र पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही काढले. बार्थोलोम्यू यांचे रंगीत चित्र त्या वर्षीचे ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ठरले. राय यांचे कृष्णधवल चित्र त्या दुर्घटनेची जणू खूण बनले. बालकाची ओळख कधीच पटली नाही.

तुलनेच्या अभ्यासाला याहून नेटके उदाहरण सापडणार नाही : एकच विषय, दोन छायाचित्रकार, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. आणि याच जागी तुलनेचा अभ्यास अशोभनीय वाटू लागतो. मातीत अर्धवट बुडालेल्या त्या चेहऱ्यासमोर रंगामुळे तात्कालिकता येते आणि कृष्णधवलामुळे सार्वकालिकता, असे लिहिताना लेखणी अडखळते. हे अडखळणे भाबडेपणाचे नाही. ते समीक्षकाला काही सांगत असते. येथे ‘सार्वकालिक’ हे विशेषणच संशयास्पद आहे. तो मृत्यू सार्वकालिक नव्हता. तो एका विशिष्ट कारखान्यातून, एका विशिष्ट रात्री, मिथाईल आयसोसायनेट या विशिष्ट रसायनाच्या गळतीतून आला. शैलीने त्याला काळाबाहेर नेले, की जबाबदार असणारेही त्याबरोबर काळाबाहेर जातात.

म्हणून ज्याचे नाव मिळत नाही, त्याला जबाब देण्याचा एक मार्ग त्याच्या प्रसंगाचे नाव न पुसणे हा आहे. दुसरा मार्ग बार्त यांनी दाखवला. ज्या पुस्तकात आईच्या बालपणीच्या एका छायाचित्राभोवती सारे चिंतन फिरते, त्यात ते छायाचित्रच त्यांनी छापले नाही. कारण परक्यांच्या दृष्टीने ते इतरांसारखेच एक चित्र ठरले असते. न दाखवणे हाही प्रतिसाद असू शकतो. विद्यार्थ्याच्या वहीत अशा रिकाम्या चौकटीला गुण कसे द्यायचे, हा परीक्षकाचा प्रश्न खरा आहे. मात्र त्या अडचणीसाठी रिकामी चौकट भरून टाकणे हे उत्तर नव्हे.

६

प्रतिसाद आणि जबाब एकाच कृतीत सामावू शकतात का? कॅरी मे वीम्स यांची १९९५-९६ मधील ‘फ्रॉम हिअर आय सॉ व्हॉट हॅपन्ड अँड आय क्राइड’ ही मालिका या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. तिच्या मुळाशी असलेल्या चित्रांत १८५० साली दक्षिण कॅरोलायनात जे. टी. झीली यांनी काढलेली गुलाम स्त्री-पुरुषांची डॅगेरोटाइप चित्रे आहेत. वंशभेदाचा ‘शास्त्रीय’ पुरावा म्हणून हार्वर्डमधील निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी ती काढून घेतली होती. त्या माणसांना विवस्त्र वा अर्धविवस्त्र उभे केले गेले होते. नकार देण्याची त्यांना मुभाच नव्हती. वीम्स यांनी ही चित्रे मोठी केली, त्यांना गडद तांबडी छटा दिली, ती गोल चौकटीत बसवली आणि वरच्या काचेवर शब्द कोरले.

या शब्दांचे व्याकरण महत्त्वाचे आहे. ते द्वितीय पुरुषात आहेत. झीली किंवा अगासी यांच्याविषयी वीम्स बोलत नाहीत. चित्रातील व्यक्तीला उद्देशून, तिचे काय करून टाकले गेले हे तिलाच सांगतात. पुरावा म्हणून काढलेल्या चित्रात ती व्यक्ती तृतीय पुरुषी असते, ‘हे असे आहेत’ या वाक्यातील कर्ता. केवळ पुरुष बदलल्याने ती श्रोता होते. शैलीचा विचार येथे टाकून दिलेला नाही. रंग, वर्तुळ, काच, अक्षरे यांची योजना अत्यंत काटेकोर आहे. पण ती सारी योजना संबोधनाच्या सेवेत आहे.

यावरही आक्षेप घेता येतो. ज्या देहांचे एकदा बळजबरीने प्रदर्शन झाले, त्यांचेच दीडशे वर्षांनी, संग्रहालयाच्या भिंतीवर का होईना, पुन्हा प्रदर्शन झाले. हा आक्षेप निकालात काढता येत नाही. त्याच चित्रांतील एका पुरुषाचे आपण वंशज आहोत, असे सांगणाऱ्या एका स्त्रीने २०१९ मध्ये हार्वर्डवर दावा लावला, आणि २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठाने ती चित्रे सोडून दिली. म्हणजे छायाचित्रित व्यक्तीच्या बाजूने विचारलेला जाब पावणेदोन शतकांनंतरही कालबाह्य ठरला नव्हता.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला स्वायत्ततावाद्याचा. कलाकृतीला लौकिक संबंधांच्या कसोटीवर घासणे म्हणजे तिचे कलापण नाकारणे, असे तो म्हणेल. मराठीत हा वाद जुना आहे. मर्ढेकरांच्या लयविचाराने कलेच्या स्वायत्ततेला बळ दिले, रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन्ही भूमिकांचा ताळेबंद मांडला. त्या चर्चेचा मुख्य आधार साहित्य होते. छायाचित्राचा विचार त्या चर्चेत आणला, तर लौकिक संबंध हा बाहेरून लादलेला निकष राहत नाही; तो या माध्यमाच्या घटनेतच असतो. माध्यमाचे स्वरूप ध्यानात घेणे ही रूपवादी समीक्षेचीच शिकवण आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. जबाबदारीचेही एक तंत्र होऊन बसेल. विद्यार्थी वहीत नावे, तारखा आणि खेदाची दोन वाक्ये लिहील, परीक्षक त्याला गुण देईल, आणि नैतिकता ही आणखी एक शैली ठरेल. हे घडू शकते, कदाचित घडतही असेल. त्यावर एकच बचाव संभवतो. शैली म्हणून उचललेल्या जबाबदारीची कोणालाच किंमत मोजावी लागत नाही. खऱ्या जबाबाने काहीतरी हातचे जाते : एखादे चांगले चित्र काढायचे राहून जाते, काढलेले दाखवायचे राहून जाते, किंवा ज्या व्यक्तीचे चित्र काढले तिने नापसंत केल्यावर ते बाजूला ठेवावे लागते. विद्यार्थ्याच्या वहीत काय आले एवढेच न पाहता काय गाळले गेले आणि कोणाच्या सांगण्यावरून, हेही पाहणाऱ्या अध्यापनाची आपल्याला गरज आहे.

मान्यवर छायाचित्रकारांचा अभ्यास त्यामुळे कमी होणार नाही. उलट तो अवघड होईल. लँगचा प्रकाश शिकायचा, इव्हान्सची चौकट शिकायची, आणि त्याबरोबर थॉम्पसन काय म्हणाल्या तेही शिकायचे. छायाचित्रकाराला दिलेल्या प्रतिसादाने विद्यार्थी कलावंत होण्याच्या मार्गाला लागतो. चित्रातील माणसालाही आपण काही लागतो, हे त्याच वेळी त्याच्या ध्यानात आले पाहिजे. हे देणे फिटले, असे कोणत्याही वहीच्या शेवटी लिहिता येणार नाही. पण ते आहे, एवढे तरी तिच्या पानांवरून दिसावे.